शाळा आणि आपण : काढून टाकण्याचा खर्च कोणी भरायचा?



मार्च-एप्रिल आला की आपल्या घरांत दोन कागदांवर चर्चा होते. एक इन्कम टॅक्सचा आणि दुसरा शाळेच्या बजेटचा. न्यू जर्सीत घरमालकाचे प्रॉपर्टी टॅक्सचे सरासरी बिल आता वर्षाला दहा हजार डॉलर्सच्या आसपास पोचले आहे, आणि राज्याची सरासरी पाहिली तर त्यातला निम्म्याहून अधिक पैसा शाळांकडे जातो. आपल्यापैकी बहुतेकांनी गाव निवडले तेच शाळा पाहून. तेव्हा त्या पैशाचे काय होते हे विचारण्याचा आपल्याला पुरेपूर हक्क आहे.

गेल्या अंकानंतर एका वाचकाने फोन करून नेमका असाच प्रश्न विचारला. त्यांच्या माहितीतल्या एका डिस्ट्रिक्टमध्ये एक कर्मचारी गुन्ह्यात दोषी ठरला. त्याला नोकरीवरून काढताना बोर्डाला वकिलाची बरीच फी द्यावी लागली. वाचकांचे म्हणणे सरळ होते : "गुन्हा त्याने केला, शिक्षा त्याला झाली, मग त्याला काढण्याचे बिल आम्ही का भरायचे? त्याच्याकडूनच वसूल करा की!"

पहिल्या झटक्यात आम्हीही मान डोलावली. करावे तसे भरावे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. अशी वसुली सक्तीची करावी, ही मागणी या देशात अधूनमधून होतही असते. पण प्रश्न थोडा उकलून पाहिला तर आत बऱ्याच गाठी सापडतात. त्या आज सोडवून पाहू. आम्ही वकील नाही, रसायनाची माणसे आहोत. पण गाळून, वाळवून, वजन करून बघण्याची सवय आहे, तिचा इथे थोडा उपयोग होईल.

काढायला खर्च का येतो?

आपण बहुतेक जण खाजगी कंपन्यांत काम करतो. तिथे एका शुक्रवारी दुपारी बोलावणे येते आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात सामान भरून माणूस घरी जातो. सरकारी शाळेत तसे होत नाही. न्यू जर्सीने १९०९ मध्ये शिक्षकांना टेन्युअर देणारा कायदा केला. राज्यभर लागू होणारा असा कायदा करणारे ते देशातले पहिले राज्य मानले जाते. त्याआधी बोर्डातली माणसे बदलली की शिक्षकही बदलत. कोणाचा पुतण्या, कोणाची मेहुणी असा कारभार चाले. तो बंद व्हावा हा हेतू होता. २०१२ च्या सुधारणेनंतर नव्या शिक्षकाला टेन्युअरसाठी चार वर्षे लागतात, पूर्वी तीन लागत. वादाचा निवाडाही आता राज्याने नेमलेल्या लवादापुढे होतो आणि लवादाची फी राज्य भरते. वकिलाचा खर्च मात्र ज्याचा त्याने करायचा. शिक्षकाच्या बाजूने बहुधा त्याची संघटना वकील देते. बोर्डाच्या बाजूने तुम्ही-आम्ही देतो.

खर्चाचे घटक वेगवेगळे करून पाहा. पहिला, बोर्डाच्या वकिलाची तासावारी फी. दुसरा, चौकशीचा खर्च : साक्षीदारांचे जबाब, कागदपत्रे, कधी तज्ज्ञ. तिसरा, निलंबनाच्या काळातला पगार. न्यू जर्सीत टेन्युअरचे आरोप दाखल झाल्यावर बिनपगारी निलंबन करता येते, पण १२० दिवसांत निकाल लागला नाही तर पगार पुन्हा सुरू करावा लागतो (विलंब त्या कर्मचाऱ्यामुळेच झाला असेल तर ते दिवस वगळून). आणि चौथा, त्याच्या वर्गावर उभ्या केलेल्या बदली शिक्षकाचा पगार. वाचकांच्या मनात आहे तो पहिला घटक. पुष्कळदा खिसा कापतो तो तिसरा.

गुन्हेगारालाही सुनावणी?

आता कोणी म्हणेल, न्यायालयाने दोषी ठरवल्यावर आणखी सुनावणी कशाला? याचे उत्तर एका खऱ्या खटल्यात आहे, आणि तो खटला शाळेतल्याच कर्मचाऱ्याचा आहे.

ओहायोतल्या क्लीव्हलँडच्या शिक्षण मंडळाने १९७९ मध्ये एका सुरक्षारक्षकाला नेमले. अर्जात त्याने लिहिले होते की आपल्याला कधी फेलनीची, म्हणजे गंभीर गुन्ह्याची, शिक्षा झालेली नाही. १९८० मध्ये मंडळाला आढळले की १९६८ मध्ये तो मोठ्या चोरीच्या गुन्ह्यात दोषी ठरला होता. मंडळाने त्याला खोटारडा ठरवून काढून टाकले. त्याला एका शब्दाने विचारले नाही. त्याचे म्हणणे असे की तो गुन्हा किरकोळ वर्गातला आहे अशी त्याची समजूत होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मार्च १९८५ मध्ये लाउडरमिल खटल्याचा निकाल लागला. न्यायालय म्हणाले की कायद्याने नोकरीची शाश्वती दिली असेल तर ती नोकरी ही माणसाची एक प्रकारची मालमत्ता आहे, आणि ती काढून घेण्यापूर्वी आरोप काय, पुरावा काय हे सांगून त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. लांबलचक खटला नको, पण विचारणा हवी.

यावर तुम्ही म्हणाल, हे काय, शिक्षा झालीच होती ना? झाली होती. पण शिक्षा झाली एवढ्यावरून सगळे प्रश्न सुटत नाहीत. कोणता गुन्हा, कधीचा, नोकरीशी त्याचा संबंध काय आणि माणूस जाणूनबुजून खोटे बोलला का, हे प्रश्न उरतातच. म्हणून थोडी तरी सुनावणी उरते, आणि सुनावणी म्हटले की बिल आले.

त्यात या देशाची आणखी एक रीत आहे. इंग्लंडमध्ये खटला हरणारा बहुधा जिंकणाऱ्याचाही खर्च भरतो. अमेरिकेत तसे नाही : वेगळा कायदा किंवा करार नसेल तर ज्याने-त्याने आपापल्या वकिलाचे पैसे द्यायचे. गरीब माणसाने खर्चाच्या धाकाने न्यायालयाची पायरी चढायचेच टाळू नये, हे त्यामागचे एक कारण. आपल्या वाचकांची सूचना म्हणजे या रीतीला केलेला अपवाद आहे. अपवाद करता येतो, पण तो कायदेमंडळाने करावा लागतो आणि जपून करावा लागतो.

कॅलिफोर्नियाने शिकवलेला धडा

जपून म्हणजे काय ते कॅलिफोर्नियात दिसले. तिथल्या शिक्षण संहितेत असे कलम होते की शिक्षक सुनावणीत हरला तर सुनावणी घेणाऱ्या न्यायाधीशाचा निम्मा खर्च त्याने द्यायचा. १९९९ मध्ये तिथल्या राज्य सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले. युक्तिवाद समजायला सोपा आहे. बिलाचा आकडा आधी माहीत नसतो. सुनावणी जितकी लांबेल तितके बिल फुगते. अशा वेळी खोटा आरोप झालेला शिक्षकसुद्धा "नको रे बाबा" म्हणून राजीनामा देईल. हक्क कागदावर राहील आणि तो वापरण्याची किंमत परवडणार नाही.

म्हणजे वसुलीची कल्पनाच बाद झाली का? आमच्या मते नाही. सुनावणीत हरणे आणि फौजदारी न्यायालयात दोषी ठरणे यांत मोठा फरक आहे. फौजदारी खटल्यात रास्त शंकेपलीकडे पुरावा लागतो, बारा जणांची ज्यूरी असते, वकील परवडत नसेल तर तो सरकारी खर्चाने मिळतो. तिथे दोषी ठरलेल्या माणसाकडे खर्च मागणे आणि केवळ सुनावणी हरलेल्याकडे मागणे, या दोन गोष्टी एका तराजूत घालता येणार नाहीत.

त्याच कॅलिफोर्नियात एक शहाणपणाची तरतूद आहे, ती आम्हाला फार आवडली. काही गंभीर गुन्ह्यांचा आरोप ठेवला गेला की कर्मचाऱ्याला सक्तीच्या रजेवर पाठवतात. त्या काळात त्याला पगार हवा असेल तर त्याने आधी हमी किंवा तारण द्यायचे : दोषी ठरलो तर घेतलेला सगळा पगार परत करीन. निर्दोष सुटला तर पगार त्याचाच, शिवाय हमीपत्राला आलेला खर्चही डिस्ट्रिक्ट भरून देते. दोन्ही पारडी सारखी. आरोप खरा ठरला तर करदात्याचे पैसे परत येतात, खोटा ठरला तर माणूस बुडत नाही. शिवाय वसुलीची सोय आधीच केलेली असते, तुरुंगाच्या दारात हात पसरावा लागत नाही.

संताप कशातून येतो

तरीही लोक इतके चिडतात का, याचेही उदाहरण कॅलिफोर्नियातलेच. लॉस एंजेलिसच्या मिरामाँट प्राथमिक शाळेतल्या एका शिक्षकाला जानेवारी २०१२ मध्ये मुलांशी केलेल्या लैंगिक दुष्कृत्यांसाठी अटक झाली. डिस्ट्रिक्टने त्याला आधीच बडतर्फ केले होते, पण त्याने अपील केले होते. ते अपील मागे घ्यावे म्हणून डिस्ट्रिक्टने त्याला सुमारे ४०,००० डॉलर्स दिले, त्यात त्याच्या वकिलाचाही खर्च आला. हिशेब रोखठोक होता : भांडत बसण्यापेक्षा हे स्वस्त. पण आई-बापांना कसे वाटले असेल? चोर तो चोर, वर शिरजोर! पुढे नोव्हेंबर २०१३ मध्ये त्याने आरोपांना विरोध न करण्याची कबुली दिली आणि त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाने अशा प्रकरणांतली बडतर्फी लवकर व्हावी म्हणून कायदा बदलला.

आता दुसरा आकडा पाहा. त्याच प्रकरणात २०१४ मध्ये डिस्ट्रिक्टने मुलांच्या कुटुंबांशी सुमारे १३.९ कोटी डॉलर्सची तडजोड केली, आणि त्याआधीच्या तडजोडी वेगळ्याच. बडतर्फीचा खर्च या रकमेपुढे किती? समुद्रात थेंब. खरा खर्च त्याला काढण्याचा नव्हता. त्याच्याबद्दल पूर्वी झालेल्या तक्रारींकडे कोणी नीट पाहिले नाही, त्याचा होता. वसुलीवर वाद घालताना ही गोष्ट नजरेआड होऊ देऊ नये.

दुसरी अडचण व्यवहाराची. दोषी ठरलेला माणूस तुरुंगात जातो, नोकरी जाते, परवाना जातो, घर बहुधा वकिलाच्या फीत गेलेले असते. उडदामाजी काळे-गोरे निवडावे तसे त्याच्याकडे शिल्लक काय ते शोधावे लागते. आणि जे थोडेफार सापडेल त्यावर पहिला हक्क कोणाचा? आमच्या मते त्या मुलाचा. समुपदेशनाचा खर्च त्या मुलाच्या घरच्यांनी करायचा आणि डिस्ट्रिक्टने रांगेत त्यांच्या पुढे उभे राहून वकिलाची फी वसूल करायची, हे आपल्याला शोभणार नाही.

फौजदारी न्यायालयाच्या भरपाईच्या आदेशातूनही सगळे मिळत नाही. २०१८ मध्ये लागोस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की संघराज्याच्या १९९६ च्या भरपाई कायद्याखाली, फसवल्या गेलेल्या कंपनीने स्वतःहून केलेल्या चौकशीचा खर्च गुन्हेगाराकडून मागता येत नाही. तिथे एका बड्या वित्त कंपनीचे सुमारे ५० लाख डॉलर्स अडकले होते. राज्यांचे कायदे निराळे असतात, पण धडा हाच : खर्च झाला म्हणून तो आपोआप परत मिळतो असे नाही.

खर्चच होऊ न देणे

मग उपाय? प्रयोगशाळेत सांडलेले आम्ल पुसण्यापेक्षा बाटलीचे झाकण घट्ट लावणे बरे. न्यू जर्सीच्या फौजदारी संहितेत अशी तरतूद आहे की सरकारी नोकर अप्रामाणिकपणाच्या गुन्ह्यात, तिसऱ्या दर्जाच्या किंवा त्याहून गंभीर गुन्ह्यात, किंवा आपल्या पदाशी संबंधित गुन्ह्यात दोषी ठरला की न्यायालयाच्या आदेशानेच त्याची नोकरी जाते. वेगळी टेन्युअरची लढाई लढावी लागत नाही. म्हणून आपल्या राज्यात "शिक्षा झालेल्याला काढण्याचा खर्च" पुष्कळ प्रकरणांत उद्भवूच नये. उद्भवला असेल तर बोर्डाला विचारण्याचा प्रश्न हा : सरकारी वकिलाने तो आदेश मागितला होता का? नसेल तर का नाही?

मायदेशीही हाच विचार सापडतो. भारताच्या राज्यघटनेचे कलम ३११ सरकारी नोकराला चौकशीचा हक्क देते, पण फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरल्यामुळे काढायचे असेल तर ती चौकशी लागत नाही, असा त्यातच अपवाद आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तुलसीराम पटेल खटल्यात हा अपवाद उचलून धरला तो १९८५ साली, म्हणजे लाउडरमिलच्याच वर्षी. आपल्यापैकी ज्यांचे आई-वडील महाराष्ट्रात शिक्षक होते त्यांना खाजगी शाळांसाठीचा १९७७ चा सेवाशर्ती कायदा आणि त्यातले शाळा न्यायाधिकरण आठवत असेल. संस्थाचालकाच्या मर्जीवर नोकरी टांगलेली असणे म्हणजे काय, हे त्यांना विचारावे. टेन्युअर कशाला हवे, याचे उत्तर तिथे मिळेल.

एक धोका मात्र लक्षात ठेवायला हवा. खर्चाची टांगती तलवार ठेवली की माणूस लवकर राजीनामा देतो, बोर्डही सुटकेचा श्वास टाकते आणि तो गुपचूप पुढच्या गावातल्या शाळेत रुजू होतो. आपले बिल वाचते आणि दुसऱ्याच्या मुलांवर संकट येते. हे थांबावे म्हणून न्यू जर्सीने २०१८ मध्ये कायदा केला : नेमणुकीपूर्वी उमेदवाराच्या आधीच्या शाळांकडे बालशोषण आणि लैंगिक गैरवर्तनाबाबत विचारणा करणे बंधनकारक झाले. वसुलीचा कोणताही नियम या कायद्याला धक्का लावणारा नसावा.

मग आमचे मत काय?

वसुली असावी, पण पाच अटींवर.

१. शिक्षा अंतिम झालेली असावी. अपील चालू असताना वसुली नको.

२. गुन्ह्याचा संबंध मुलांशी, शाळेच्या पैशाशी किंवा पदाच्या गैरवापराशी असावा. सुटीच्या दिवशी दारू पिऊन गाडी चालवली म्हणून शाळेच्या वकिलाचे बिल मागणे बरोबर नाही.

३. रकमेला मर्यादा असावी आणि ती आधी जाहीर व्हावी. बोर्डाने सर्वांत महागडा वकील लावायचा आणि बिल दुसऱ्याच्या नावे फाडायचे, असे होऊ नये.

४. मुलांची भरपाई आधी, डिस्ट्रिक्टची नंतर.

५. आरोप निराधार ठरला तर उलट बोर्डाने कर्मचाऱ्याचा खर्च द्यावा. न्यूयॉर्कच्या शिक्षण कायद्यात बोर्डाचे आरोप पोकळ आढळले तर कर्मचाऱ्याचा वाजवी खर्च, वकिलाच्या फीसह, बोर्डाने द्यावा अशी तरतूद आहे. नियम दोन्ही बाजूंना चालतो तेव्हाच त्याला न्याय म्हणतात.

पाचव्या अटीवर आमचा भर का, तेही सांगतो. आपल्या मंडळातल्या किती तरी भगिनी आज शाळांतून शिक्षिका, मदतनीस, बदली शिक्षिका म्हणून काम करतात. मदतनीसांना बहुधा टेन्युअर नसते, पगार बेताचा असतो, आणि काहींच्या घरी ग्रीन कार्डचा अर्ज अजून रांगेत असतो. या देशात बहुतेक शिक्षा खटला चालून होत नाहीत, तडजोडीच्या कबुलीतून होतात. २०१२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानेच आकडा दिला होता : राज्यांच्या न्यायालयांत ९४ टक्के. "थोडे कबूल कर, लवकर सुटशील" असे सांगितल्यावर घाबरलेला माणूस सही करतो. त्या सहीमागोमाग देशाबाहेर काढले जाण्याची वेळही येऊ शकते. म्हणून २०१० मध्ये पडिला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की परदेशी नागरिकाला हा धोका समजावून देणे हे त्याच्या वकिलाचे कर्तव्य आहे. वसुलीचा कायदा आला तर त्या सहीमागे आणखी एक बिल येईल. तेव्हा असा प्रसंग कोणावर आलाच, तर सहीपूर्वी गुन्हेगारी आणि इमिग्रेशन दोन्ही जाणणाऱ्या वकिलाला भेटल्याशिवाय पाऊल उचलू नये. लाज वाटते म्हणून घरात झाकून ठेवू नये. मंडळाच्या समितीला सांगितले तर नाव बाहेर जाणार नाही.

आणि करदाते म्हणून आपण काय करावे? बोर्डाच्या सभा उघड असतात. १९७५ च्या खुल्या सभांच्या कायद्याने त्या तशा ठेवाव्याच लागतात. एखाद्या माणसाबद्दलची चर्चा बंद दाराआड होईल, ते योग्यच आहे, पण बिले मंजूर होतात ती उघड सभेत. तिथे जाऊन तीन प्रश्न विचारा. या वर्षी वकिलावर एकूण किती खर्च झाला आणि दर विद्यार्थ्यामागे तो किती पडतो? पगारी निलंबनावर किती कर्मचारी आहेत आणि किती दिवस? आणि तक्रार आली की ती कोणाकडे जाते, किती दिवसांत? पहिले दोन प्रश्न पैशाचे आहेत. तिसरा आपल्या मुलांचा आहे, आणि वेळ कमी असेल तर तोच आधी विचारा.

आपल्या डिस्ट्रिक्टमध्ये काय उत्तरे मिळाली ते आम्हाला जरूर लिहून कळवा. शाळेचे आणि माणसांचे नाव गाळून ती पुढच्या अंकात छापू. मजकूर सुवाच्य अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला लिहिलेला असावा, ही नेहमीची विनंती. झेरॉक्सवर शाई पुसट उठते.



— संपादन समिती